वायूचा ग्रह पोकळ नसतो

पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने सुचवलेले ‘संतमस’ हे नाव डिसेंबर २०१९ मध्ये एका बहिर्ग्रहाला (सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह) मिळाले. त्याच्या ताऱ्याचे नाव ‘बिभा’, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्यावरून ठेवलेले. अंतर सुमारे ३४० प्रकाशवर्षे (प्रकाश एका वर्षात कापतो तेवढे एक).

संतमस हा गुरूसारखा वायुरूप महाग्रह. ‘वायुरूप’ म्हटले की हलका, पोकळ गोळा डोळ्यांसमोर येतो. यान एका बाजूने शिरून दुसरीकडून निघेल असेही वाटते. तसे होणार नाही. घरातला गॅस सिलिंडर हलवून पाहा, आत द्रव डचमळतो. शेगडीत वायू म्हणून येणारा पदार्थ सिलिंडरमध्ये दाबाखाली द्रव असतो. ग्रहावर हा दाब वरच्या थरांच्या वजनाचा. गुरूच्या पोटात तो इतका वाढतो की हायड्रोजन धातूसारखा वीजवाहक होतो. फरक एकच: सिलिंडरमध्ये द्रवाचा पृष्ठभाग असतो, इथे वायू नकळत दाट होत जातो, पाय टेकवायला जमीन नाही.

संतमसचे वस्तुमान गुरूच्या निदान दीडपट, म्हणजे सुमारे पावणेपाचशे पृथ्व्यांएवढे. म्हणून तर त्याच्या ओढीने बिभा किंचित डुलतो, आणि त्या डुलण्यावरूनच २००६ मध्ये ग्रहाचा शोध लागला. ताऱ्याच्या इतका जवळ, की त्याचे वर्ष दोन दिवसांहून थोडेसेच मोठे!

सातारा-सांगलीकरांनी मार्च-एप्रिलच्या रात्री मघा ताऱ्याच्या दक्षिणेला छोटी दुर्बीण लावावी. ग्रह दिसणार नाही, बिभा मात्र दिसेल.