शेवटच्या पानावरची साक्ष

अंबाजोगाईत मुकुंदराजांचे नाव 'आद्यकवी' या बिरुदाशिवाय घेतले जात नाही. बालाघाटाच्या कड्याखालच्या दरीत त्यांची समाधी आहे आणि 'विवेकसिंधु' हा मराठीतला पहिला ग्रंथ इथेच लिहिला गेला, ही इथली पिढीजात श्रद्धा. अभ्यासकांचे मात्र त्यावर कधीच एकमत झाले नाही. ग्रंथ कधीचा, राजा कोण आणि गाव कोणते, या तिन्ही प्रश्नांवर वाद आहे. तो ज्या ओव्यांवर उभा आहे, त्या बहुतेकांनी ऐकलेल्या असतात, तपासलेल्या क्वचितच.

विवेकसिंधूची प्रकरणे अठरा. समाप्तीच्या ओव्यांत शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, हे लेखनवर्ष येते. त्याला जोडून साधारण नावाचा संवत्सर येतो आणि शारंगधर नावाचा राजा राज्य करीत असल्याचे सांगितले जाते. शकात १२ मिळवून ६० ने भागावे, उरेल ती बाकी म्हणजे दक्षिणेकडच्या रीतीने संवत्सराचा क्रमांक. शिवराज्याभिषेकाच्या शके १५९६ वर रीत पडताळता येते: बाकी ४८, म्हणजे आनंदनाम संवत्सर. बरोबर. आता १११० घ्या. बाकी ४२, म्हणजे कीलक. साधारण हा ४४ वा, तो पडतो शके १११२ मध्ये. दोन वर्षांचा फरक. नकलकाराच्या हातून आकडा सुटला, की ओवीच नंतर कोणी जोडली? नुसत्या गणिताने ते ठरत नाही. पण 'शके १११०' हे शिलालेखासारखे मिरवण्याआधी ही बाकी काढून पाहायला हवी.

राजाचेही तसेच. ग्रंथ ज्या जैतपाळासाठी रचला, त्याच्या वंशात नृसिंह आणि बल्लाळ ही नावे येतात. देवगिरीचा यादव जैत्रपाल मात्र भिल्लमाचा मुलगा, आणि शके १११० मध्ये गादीवर भिल्लमच होता. म्हणून काहींनी हा जैतपाळ बैतूलजवळच्या खेरल्याचा मानला. शिवाय शारंगधर कोण, हे कोडे राहतेच. एकाच ग्रंथात दोन राजे, आणि दोघांपैकी एकाचाही ताम्रपट हाताशी नाही.

अशाच कचाट्यात ख्रिस्ती पंडित चौथ्या शुभवर्तमानावरून सापडले आहेत. योहानाचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या ग्रंथात लेखकाचे नाव कुठेच नाही. आहे तो 'येशूची ज्यावर प्रीती होती तो शिष्य'. विसावा अध्याय समारोपासारखा संपतो, आणि तरी एकविसावा येतो. त्याच्या २४ व्या वचनात याच शिष्याने हे लिहिले आणि त्याची साक्ष खरी आहे हे आम्हांला ठाऊक आहे, अशा आशयाचे विधान आहे. हे 'आम्ही' कोण? लेखक स्वतःबद्दल असे बोलत नाही. बोलतात ते त्याचे शिष्य किंवा संपादक. सुमारे १८० साली इरेनियसाने हा ग्रंथ एफिससच्या योहानाचा ठरवला. उलट पापियासच्या, युसेबियसने जपलेल्या उताऱ्यात योहान दोन दिसतात: एक शिष्य, एक वडील. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या डायोनिसियसाने शुभवर्तमान आणि प्रकटीकरण यांची ग्रीक भाषा शेजारी ठेवून दोहोंचे लेखक वेगळे असल्याचे मत दिले. तो श्रद्धावान बिशप होता, तरी व्याकरण पाहायला कचरला नाही. आपल्याकडे आद्यकवीच्या वादात भाषा काढली की अस्मिता दुखावते.

भाषेचा मुद्दा विवेकसिंधूच्या विरोधात हमखास येतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. तिच्याहून शंभर वर्षे जुना म्हणवणारा हा ग्रंथ वाचायला तिच्यापेक्षा सोपा कसा? प्रश्न रास्त आहे, पण निर्णायक नाही. नकलकार ओळखीचे शब्द घालत जातात. ज्ञानेश्वरीचे पाठही इतके बिघडले होते की शके १५०६ मध्ये एकनाथांना ते शुद्ध करावे लागले. विवेकसिंधूला एकनाथ मिळाले नाहीत. योहानाच्या सातव्या-आठव्या अध्यायांतील व्यभिचारी ठरवलेल्या स्त्रीची प्रसिद्ध कथा सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, ती मागाहून आत आली. पण म्हणून अख्खा ग्रंथच मागाहूनचा ठरत नाही. १९३५ साली प्रसिद्ध झालेला, मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयातला या शुभवर्तमानाचा पपायरसचा तुकडा तळहाताहून लहान. पण त्याच्या अक्षरवळणावरून तो बहुधा दुसऱ्या शतकातला ठरला आणि फार उशिराची तारीख मांडणाऱ्यांना माघार घ्यावी लागली. विवेकसिंधूला असा तुकडा हवा आहे.

राहिले गाव. ग्रंथात वैन्यागंगेच्या तीरावरची अंबानगरी येते. वैनगंगेकाठचे अंभोरा, तिथले चैतन्येश्वराचे देऊळ आणि टेकडीवरची हरिनाथांची समाधी, हे मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेशी जुळणारे आहे. अंबाजोगाईकर त्यावर वाण नदीचे नाव पुढे करतात. मोमीनाबाद म्हणवल्या गेलेल्या या गावात यादव सेनापती खोलेश्वराचे शिलालेख आहेत, पंचीकरण लिहिलेली दासोपंतांची कापडी पासोडी आहे. गावाला विद्येचा वारसा उसना आणावा लागत नाही. पण नदीच्या नावाचा पुरावा मला तरी अंभोऱ्याकडे झुकलेला दिसतो. समाधीने देह कुठे ठेवला ते सांगता येईल. लेखणी कुठे चालली ते नाही. दोन्ही गावे एकाच माणसाच्या आयुष्यात बसू शकतात, हे दोन्हीकडचे अभिमानी विसरतात.

काळाबद्दल माझे मत असे: ग्रंथाचा गाभा जुना असण्यास हरकत नाही, पण शके १११० ही तारीख साक्षीदार तपासल्यावाचून पक्की धरू नये. त्यासाठी निरनिराळ्या ठिकाणच्या पोथ्या एकत्र मांडून समाप्तीच्या ओव्यांचे पाठभेद नोंदवले पाहिजेत. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या कोणाच्या माळ्यावर, मठाच्या दप्तरात विवेकसिंधूची हस्तलिखित पोथी असेल, तर निदान तिच्या शेवटच्या पानांची छायाचित्रे काढून जवळच्या विद्यापीठाच्या मराठी विभागाकडे द्यावीत.