एमसीबी सारखा पडतोय? मोठा टाकण्याआधी हे वाचा : वायरमनचा परवाना, संघटना आणि आपली सुरक्षा

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. पुण्यातल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी एक एमसीबी पडायचा. गीझर चालू, इंडक्शनवर चहा आणि मायक्रोवेव्हमध्ये कालची भाजी, एवढं एकत्र झालं की चार-पाच मिनिटांत खट्! मी फोनवरून एका इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो आला, बोर्ड उघडला आणि म्हणाला, "साहेब, सोळाचा आहे, लहान पडतोय. बत्तीसचा टाकून देतो." दहा मिनिटांत काम झालं, साडेचारशे रुपये यूपीआयने दिले, पाच स्टार दिले. त्यानंतर एमसीबी एकदाही पडला नाही. मी खूश.

दोन महिन्यांनी फलटणहून मामा आले. ते पंचवीसेक वर्षं इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहेत. किचनमध्ये पाणी प्यायला गेले आणि तिथूनच हाक आली, "अरे, या सॉकेटची प्लेट पिवळी कशी पडली?" नंतर त्यांनी बोर्ड उघडला, बत्तीसचा एमसीबी पाहिला आणि काही न बोलता तो खाली केला.

मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलंय, दिवसभर कोड लिहितो. तरी माझ्या घरात नेमकं काय झालं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. तेच इथे सोप्या भाषेत सांगतो.

एमसीबी नक्की कोणाला वाचवतो?

आपल्याला वाटतं एमसीबी गीझरला वाचवतो, किंवा आपल्याला वाचवतो. खरं तर त्याचं मुख्य काम आहे भिंतीतली वायर वाचवणं.

हिशोब करून बघा. गीझर ३००० वॅट, इंडक्शन २००० वॅट, मायक्रोवेव्ह साधारण १२०० वॅट. एकूण ६२०० वॅट. याला २३० व्होल्टने भागलं की जवळपास २७ अँपियर येतात. माझ्या फ्लॅटमध्ये हे तिन्ही पॉइंट एकाच लाइनवर होते आणि ती वायर होती २.५ चौरस मिलिमीटरची. पाइपमधून जाणारी अशी तांब्याची वायर साधारण २० अँपियरच्या आसपास आरामात पेलते. २७ अँपियर रोज अर्धा तास गेले की ती तापते. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते. त्याच्या वर गेलं की आवरण कडक होतं, तडकतं, आणि एक दिवस शॉर्टसर्किट.

१६ चा एमसीबी हेच ओळखून पडत होता. तो बिघडलेला नव्हता, तो बरोबर होता! आम्ही काय केलं? इशारा देणाऱ्यालाच काढून टाकलं. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट फेल होते म्हणून टेस्टच डिलीट केली.

योग्य उपाय दोन होते. एक तर गीझरसाठी बोर्डापासून स्वतंत्र, पुरेशा जाडीची वायर आणि त्याचा वेगळा एमसीबी. नाहीतर फुकटचा उपाय : गीझर बंद केल्यावर इंडक्शन लावायचं.

हे काम करायला परवाना लागतो?

हो, लागतो. मला हे माहीतच नव्हतं.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा आणि वीजपुरवठ्याबाबतचे विनियम आहेत. आधी २०१० चे होते, आता २०२३ चे आहेत. त्यातला मुद्दा सरळ आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण बदलणं, म्हणजे ज्याने वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही असं काम, यातून वगळलंय. बाकी नवीन जोडणी, फेरफार, दुरुस्ती, वाढीव काम हे सगळं राज्य सरकारचा परवाना असलेल्या कॉन्ट्रॅक्टरनेच करायचं.

सोळाच्या जागी सोळाचा स्विच बसवणं वेगळं आणि सोळाचा एमसीबी काढून बत्तीसचा टाकणं वेगळं. दुसऱ्यात क्षमता बदलते. म्हणजे माझ्या घरात साडेचारशे रुपयांत नेमकं तेच झालं होतं, जे या नियमाला टाळायचं आहे.

या व्यवस्थेत तीन वेगवेगळे कागद असतात :

१. कॉन्ट्रॅक्टरचा परवाना : काम अंगावर घेणाऱ्याकडे हवा.
२. सुपरवायझरचं प्रमाणपत्र : कामावर देखरेख करणाऱ्याकडे हवं.
३. वायरमनचा परवाना : प्रत्यक्ष हाताने काम करणाऱ्याकडे हवा.

आपल्याकडे आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. बरेच जण तिथून या वाटेला लागतात. पण लक्षात ठेवा, कोर्स पास होणं आणि परवाना मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नवीन वीजजोडणी घेताना वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट लागतो, त्यावर परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरची सही असते. मामा यावर चिडून बोलतात. "काही ठिकाणी सही एकाची आणि काम भलत्याचंच. सही करणारा त्या घरात पाऊलसुद्धा टाकत नाही. मग त्या कागदाला अर्थ काय राहिला?" आमच्याकडे न वाचता कोड रिव्ह्यू 'अप्रूव्ह' करणारे असतात, तसंच हे. फरक एवढाच की इथे अ‍ॅप क्रॅश होत नाही, माणूस जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात अलीकडच्या वर्षांत दरवर्षी १२ हजारांहून जास्त माणसं विजेच्या धक्क्याने मरण पावली आहेत.

मग संघटना कशाला?

मामा त्यांच्या भागातल्या कॉन्ट्रॅक्टर संघटनेचे सभासद आहेत. राज्यपातळीवर 'इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर्स असोसिएशन ऑफ महाराष्ट्र' आहे, लोक तिला 'एकॅम' म्हणतात. मला आधी वाटायचं, संघटना म्हणजे वर्षाला वर्गणी, एक स्नेहसंमेलन आणि भिंतीवरचं कॅलेंडर. मामांना तसं विचारलं तर हसले आणि म्हणाले, "कॅलेंडर मिळतंच रे. पण मी तिथे गेलो तो दत्तूमुळे."

दत्तू (नाव बदललंय) त्यांच्याकडचा हेल्पर. एका डाळमिलमध्ये मोटरच्या पॅनेलवर काम चालू होतं. मेन बंद करून दत्तू आत हात घालून बसला होता. मिलमधल्या कोणाला तरी वाटलं लाइट गेलीय, त्याने जाऊन मेन वर केला. दत्तू वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं गेली. मामा म्हणतात, "चूक त्या माणसाची नव्हती. त्याला कळायला काहीच नव्हतं. मी मेनला ना कुलूप लावलं होतं, ना पाटी."

त्यानंतर पहिल्यांदा ते संघटनेच्या सुरक्षा प्रशिक्षणाला गेले. एकटा कॉन्ट्रॅक्टर चार-पाच माणसं घेऊन काम करतो. नवीन नियम आले, कोड बदलला, हे त्याला कोण सांगणार? मोठ्या कंपनीत त्यासाठी वेगळा विभाग असतो. लहान कॉन्ट्रॅक्टरसाठी ते काम संघटनेतून होऊ शकतं : नियमांची माहिती, प्रशिक्षण, थकलेल्या बिलांसाठी एकत्र आवाज आणि अडलं की फोन करायला दहा जाणकार माणसं.

बाहेरच्या देशांतही हे जुनं आहे. ब्रिटनमधली ईसीए आणि अमेरिकेतली नेका या दोन्ही कॉन्ट्रॅक्टर संघटना १९०१ साली सुरू झाल्या. अमेरिकेत नेका आणि कामगारांची युनियन मिळून शिकाऊ वायरमनचं प्रशिक्षण चालवतात. म्हणजे मालक आणि कामगार दोघांचाही त्यात हात.

पण एक गोष्ट ठळक लिहून ठेवा : संघटनेचं सभासदत्व म्हणजे सरकारी परवाना नव्हे. व्हिजिटिंग कार्डावर संघटनेचा लोगो असला तरी परवाना वेगळा विचारायचा. तसंच एखाद्या कौशल्य योजनेचं प्रमाणपत्र असलं, तरी ते वायरमनच्या परवान्याची जागा घेत नाही.

प्रशिक्षणात नक्की काय शिकवतात?

मामांच्या जुन्या वहीतून आणि बोलण्यातून मला समजलेल्या चार गोष्टी :

*कुलूप आणि पाटी.* ज्याचा हात आत आहे, त्याचंच कुलूप मेनवर आणि किल्ली त्याच्याच खिशात. पाटीवर त्याचं नाव. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं. मामांच्या बॅगेत आता पाच लाल कुलपं असतात.

*तपासल्याशिवाय हात नाही.* टेस्टर पेटला नाही म्हणजे लाइन बंद, असं धरायचं नाही, कदाचित टेस्टरच खराब असेल. आधी चालू पॉइंटवर टेस्टर तपासायचा, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू पॉइंटवर. तीन पायऱ्या, दहा सेकंद.

*मेन बंद म्हणजे सगळं बंद नाही.* घरात इन्व्हर्टर असेल तर मेन खाली केल्यावरही काही लाइनमध्ये वीज असते. छतावर सोलर असेल तर ऊन असेपर्यंत पॅनेलच्या डीसी वायरमध्ये व्होल्टेज असतंच, बऱ्याचदा काहीशे व्होल्ट. सोलर आणि ईव्ही चार्जर आल्यामुळे वीस वर्षांचा अनुभव असलेल्यांनाही पुन्हा वर्गात बसावं लागतंय.

*अपघात लपवायचा नाही.* वीज कायदा २००३ च्या कलम १६१ मध्ये अपघात कळवण्याची तरतूद आहे आणि नियमांनुसार पहिली सूचना २४ तासांच्या आत विद्युत निरीक्षकाकडे जायला हवी. आमच्याकडे सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी मीटिंग घेऊन कारण शोधतात. कारण लिहून ठेवलं नाही तर तीच चूक पुन्हा होते. दत्तूची गोष्ट मामा आता दर प्रशिक्षणात स्वतः उभं राहून सांगतात. "लाज वाटते सांगताना," म्हणाले, "पण नव्या पोरांना तीच लक्षात राहते."

आपल्याला वाचवणारा वेगळाच आहे

एमसीबी वायर वाचवतो, मग माणसाला कोण? आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, हे तो सतत मोजतो. मध्येच गळती झाली, म्हणजे उदाहरणार्थ गीझरच्या बॉडीतून तुमच्या अंगातून जमिनीत गेला, तर तो तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपियरचा वापरतात, आणि तेवढ्या गळतीला तो ०.३ सेकंदाच्या आत पडायला हवा.

आता तुलना करा. १६ अँपियर म्हणजे १६,००० मिलिअँपियर, म्हणजे ३० च्या पाचशेपटीहून जास्त. माणसाच्या जिवाला काही दहा मिलिअँपियरही धोकादायक ठरू शकतात. एवढ्याशा करंटला एमसीबी हलणारसुद्धा नाही.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं टेस्ट बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. तो पडला नाही, तर बदलायची वेळ झाली. पण एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलं तर आरसीसीबीला ती गळती दिसत नाही. म्हणून तो आहे म्हणून बिनधास्त राहायचं नाही. आणि अर्थिंग हवंच. तीन पिनच्या प्लगची जाड पिन कापून दोन पिनच्या सॉकेटमध्ये घालणारे माझेही मित्र आहेत. ती पिन लांब असते, कारण प्लग घालताना अर्थिंग आधी जोडलं जावं.

इलेक्ट्रिशियनला बोलावताना

- वायरमनचा परवाना विचारा, त्यावरची मुदत बघा. रिव्ह्यूचे स्टार म्हणजे परवाना नाही.
- काम सुरू होण्याआधी आणि झाल्यावर बोर्डाचा फोटो काढा.
- "मोठा एमसीबी टाकतो" म्हणाला, तर एकच प्रश्न : "वायर किती चौरस मिलिमीटरची आहे?" उत्तर नसेल तर काम थांबवा.
- वायर, स्विच, एमसीबीवर आयएसआय चिन्ह बघा.
- भाड्याच्या घरात फेरफार हवा असेल तर घरमालकाला लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅप मेसेज केलात तरी नोंद राहते.
- कोणाला शॉक लागला तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने बाजूला करा, आणि १०८ किंवा ११२ ला फोन करा. श्वास थांबला असेल आणि येत असेल तर सीपीआर सुरू करा.

माझ्या फ्लॅटमध्ये मामांनी त्या दिवशी सोळाचा एमसीबी परत बसवला आणि पिवळं पडलेलं सॉकेट बदललं. गीझरच्या स्वतंत्र लाइनसाठी घरमालकाला फोन लावून दिला. ते काम मात्र त्यांनी स्वतः केलं नाही, पुण्यातल्या संघटनेतल्या ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरला दिलं. तो माणूस आला तेव्हा मी पहिल्यांदाच परवाना दाखवायला सांगितला. त्याला राग येईल असं वाटलं होतं. उलट त्याने हसून पाकीट काढलं आणि म्हणाला, "बारा वर्षांत विचारणारे तुम्ही तिसरे."

चौथे तुम्ही व्हा.