दौर्मनस्य आणि नैराश्याचा आजार

‘पहिले आर्यसत्यच दुःख आहे, मग मन खिन्न झाले म्हणून डॉक्टरकडे कशाला जायचे?’ असा प्रश्न धम्मचर्चेत अनेकदा उपस्थित केला जातो. त्यामागील गैरसमज दूर करणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण त्यापायी उपचार लांबतात आणि प्रसंगी प्राणही जातो.

पालि वाङ्मयात मानसिक दुःखाला ‘दोमनस्स’, म्हणजे दौर्मनस्य, म्हटले आहे. वियोग, अपमान, अपयश यांतून ते कोणालाही होते व बहुधा काळाने ओसरते. नैराश्याचा आजार, ज्यास आज सर्वत्र डिप्रेशन म्हणतात, तो याहून वेगळा आहे. दिवसाचा बहुतेक वेळ उदासी, कशातही रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, थकवा, एकाग्रता न होणे, आपण निरुपयोगी वा अपराधी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे ही त्याची लक्षणे होत. यांपैकी अनेक लक्षणे दोन आठवडे वा अधिक काळ जवळजवळ रोज राहिली आणि नित्याची कामे अडू लागली, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. पाच नीवरणांतील ‘थीनमिद्ध’, म्हणजे सुस्ती, हिच्याशी या आजाराची गल्लत करू नये. रुग्ण आळशी नसतो.

‘हे पूर्वकर्माचे फळ’ असेही काहीजण म्हणतात. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात नेमका हाच प्रश्न आला आहे. तेथे तथागतांनी वेदनांची आठ कारणे सांगितली: पित्त, कफ, वात, या तिहींचा सन्निपात, ऋतूतील बदल, विषम आहारविहार, बाह्य आघात आणि कर्मविपाक. सर्वच दुःख पूर्वकर्मामुळे होते, हे मत त्यांनी अमान्य केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 1957 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, गतजन्मीचे कर्म वर्तमान स्थिती ठरविते, हा सिद्धांत बुद्धाचा मानण्यास नकार दिला. आजचे वैद्यकशास्त्रही आनुवंशिकता, मेंदूचे कार्य, थायरॉइडसारखे विकार, दारिद्र्य, हिंसा, सामाजिक अवहेलना अशी अनेक कारणे मानते.

मग ध्यानाने हा आजार बरा होणार नाही काय? ध्यान उपकारक ठरू शकते. परंतु ते उपचाराची जागा घेऊ शकत नाही. वैशालीत अशुभभावनेनंतर काही भिक्षूंना आपल्या देहाचा इतका वीट आला की त्यांनी जीवन संपविले. हे कळताच भगवंतांनी संघास आनापानसती शिकविली. साधना व्यक्तीच्या अवस्थेस अनुरूप हवी, हा त्याचा बोध आहे. तीव्र नैराश्यात दीर्घ मौनशिबिरास बसण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

समुपदेशन व औषधे हे या आजारावरील मुख्य उपाय होत. औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. बरे वाटताच ती आपल्या मनाने बंद करू नयेत. मरणाचे विचार बोलून दाखविणाऱ्यास एकटे सोडू नये. त्याला थेट विचारावे, त्याचे ऐकून घ्यावे व त्वरित रुग्णालयात न्यावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. शासनाने 2022 साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य असून तो अहोरात्र उपलब्ध असतो.

अतिसाराने व्याकूळ होऊन एकाकी पडलेल्या भिक्षूला भगवंतांनी आनंदासह स्वतः स्नान घातले आणि रुग्णसेवा हे संघाचे कर्तव्य ठरविले. विहारात येणे अचानक थांबविलेल्या उपासकाच्या घरी जाऊन त्याची विचारपूस करणे, हे त्याच कर्तव्याचे आजचे रूप होय.