एसी पंप बदलण्याआधी पाच तपासण्या: जुनी ओम्नी आणि तुमच्या गॅरेजचा हिशेब

जुन्या ओम्नीचा पंप कसा बदलायचा, ते व्हिडिओत बघितलंत. पण या कामात पैसा कुठे येतो आणि कुठून निसटतो, ते लिहूनच सांगावं लागेल. गॅरेज किंवा स्पेअर पार्टचं दुकान टाकायचा विचार असेल तर हे नीट वाचा.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. दुकान नवीन होतं. कार्बोरेटरवाली एक ओम्नी आली. चांदसैली घाटात चढावर बंद पडायची. ड्रायव्हर दादा म्हणाले, "पंप गेलाय, नवा टाक." मी टाकला, पैसे घेतले. चार दिवसांनी तीच गाडी त्याच घाटात बंद, आत बाजाराला निघालेली माणसं. दोष निघाला टाकीकडच्या चिरलेल्या रबरी पाइपात. दादा परत कधी आले नाहीत. आणि धडगावात गिऱ्हाईक एकटं जात नाही, त्याच्यासोबत अख्खा पाडा जातो.

पंप काम कसा करतो?

जुने मेकॅनिक याला एसी पंप म्हणतात. याला वायर नसते. इंजिनच्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा पंपाची लिव्हर हलवतो, काही इंजिनांत मध्ये एक छोटा रॉड असतो. लिव्हर डायफ्राम ओढते, तेव्हा टाकीतून पेट्रोल आत येतं. मग स्प्रिंग डायफ्राम परत ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. कार्बोरेटर भरला की त्याची नीडल बंद होते आणि डायफ्राम थांबून राहतो.

दाब असतो दोन ते सहा पीएसआय, एवढाच. म्हणून इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप जुगाड करून बसवू नका. त्याचा दाब चाळीसच्या आसपास असतो, कार्बोरेटर उतू जाईल. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली असतं, म्हणजे पेट्रोल माणसांच्या खालीच सांडणार.

पाना उचलण्याआधी पाच तपासण्या

१. टाकीचं झाकण. झाकण सैल केल्यावर गाडी नीट चालली, तर हवेची वाट तुंबली आहे.

२. फिल्टर आणि पाइप. टाकी ते पंप हा भाग ओढणारा असतो. तिथे चीर असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही, पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. मी नेमका इथेच फसलो.

३. उष्णता. उन्हाळ्यात भरलेली गाडी चढावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. तेव्हा पेट्रोलची वाफ पाइपात अडकल्याची शक्यता मोठी. पंपावर लगेच आळ घेऊ नका.

४. बाटली. कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडा. कॉइलची मुख्य वायर काढून बॉडीला लावा, म्हणजे ठिणगी उडणार नाही. मग सेल्फ मारा. पेट्रोल झटक्या-झटक्याने जोरात आलं, तर पंप ठीक आहे. नाही आलं, तर पंपाचा आत येणारा पाइप वेगळ्या कॅनमध्ये बुडवून पुन्हा बघा. आता आलं, तर दोष टाकीच्या बाजूला आहे.

५. पंपाचं छोटं भोक आणि ऑइल. भोकातून पेट्रोल गळत असेल तर डायफ्राम फाटला. ऑइलची पट्टी काढा. पातळी वाढलीय, पेट्रोलचा वास येतोय? मग पेट्रोल ऑइलमध्ये उतरलंय.

बदलताना

गाडी मोकळ्या जागेत, इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. आसपास बिडी नाही. पाइपांना टेप लावून खूण करा: येणारा, जाणारा, परतीचा. टाकीकडच्या पाइपात बोल्ट खुपसा, नाहीतर पेट्रोल वाहत राहील.

दोन नट-बोल्ट काढले की पंप सुटतो. जुनं पॅकिंग खरवडताना भोकावर कापड ठेवा. पॅकिंग आणि मधला स्पेसर जुन्याच जाडीचा घ्या. पातळ झाला तर लिव्हरवर जोर येतो, जाड झाला तर पंप कमी ओढतो. इंजिन हाताने फिरवून कॅमचा उंचवटा लिव्हरपासून दूर न्या, म्हणजे पंप सहज बसेल. जोर लावावा लागत असेल तर थांबा, लिव्हर चुकीच्या जागी आहे. बोल्ट आळीपाळीने आवळा.

ऑइलमध्ये पेट्रोल असेल, तर इंजिन चालू करण्याआधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. पातळ ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत. शेवटी गळती बघा, दहा मिनिटांनी परत बघा.

अजून एक. आता पंपावर ई-२० पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. डायफ्राम आणि पाइप इथेनॉलला चालणारेच मागा.

आता हिशेब

आकडे समजण्यापुरते घ्या. पंपावर १५० सुटले, मजुरी ३००, हातात ४५०. गाडी परत आली, की घाटापर्यंत जायला २०० चं पेट्रोल, अर्ध्या दिवसाचे ४०० बुडाले. ४५० कमावले, ६०० गेले, मजुरी परत दिली तर अजून ३००. याउलट तपासणीचे १५० आधीच सांगून घेतले आणि फक्त पाइप बदलला, तर कमाई कमी दिसते, पण गाडी परत येत नाही आणि माणूस परत येतो.

म्हणून माझ्या दुकानात आता तीन नियम आहेत. तपासणीची फी वेगळी आणि आधी सांगायची. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. वहीत गाडी नंबर, दोष आणि तारीख लिहायची. वहीमुळेच कळतं की माल काय ठेवायचा. एक पंप पुरे, पण पाइप, क्लिपा आणि फिल्टर कायम हवेत. छोट्या पार्टसाठी शहाद्याला माणूस पाठवला, की दिवस गेलाच.

आपल्याकडे एमएच-१८ पाटीच्या, म्हणजे धुळ्यात नोंद झालेल्या जुन्या गाड्या अजून पोट भरतायत. ती गाडी घाटात उभी राहिली, की एका घराची त्या दिवसाची कमाई उभी राहते. गिऱ्हाईक "पंप टाका" म्हणालं, तरी आधी बाटली आणा. पाना नंतर.