हरणासाठी रायफल कोणत्या बोअरची?

चेन्नई : महानगरातील सुमारे २.७ चौरस किलोमीटरच्या गिंडी राष्ट्रीय उद्यानात चितळ व काळवीट चरतात. ब्रिटिश काळात हे राखीव शिकारक्षेत्र होते; हरणासाठी कोणत्या बोअरची रायफल घ्यावी, हा तेव्हा व्यवहाराचा प्रश्न होता. त्यामागील तर्क इंग्लंडच्या कायद्यात आजही दिसतो. मोठ्या हरणासाठी तेथे किमान ०.२४० इंच बोअर आणि १,७०० फूट-पौंड ऊर्जा आवश्यक आहे; गोळी दुबळी असल्यास प्राणी मरत नाही, तडफडत राहतो.

भारतात ०.३०३ हा लष्करी बोअर नागरिकांस निषिद्ध असल्याने ०.३१५ रायफल रूढ झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवान्याने काही शिकार शक्य होती. १९९१ च्या दुरुस्तीने तोही मार्ग बंद झाला. आता शस्त्रपरवाना असला तरी शिकारीसाठी ती हरणावर रोखता येत नाही. काळविटाच्या शिकारीस तीन ते सात वर्षांचा कारावास आहे.

वस्तीत शिरलेले हरीण पकडण्यास भुलीच्या औषधाची डार्ट वापरली जाते. येथेही निवड सोपी नाही. मात्रा वजनाच्या अंदाजावर ठरते, आणि पाठलागाच्या ताणाने स्नायू निकामी होऊन सुखरूप पकडलेले हरीण नंतरही दगावू शकते.