खोगिराखालचा तवा

1327 सालचा ऑगस्ट. उत्तर इंग्लंडमधलं वेअरडेलचं खोरं. स्कॉट फौज रातोरात पसार झाली आहे आणि तिच्या ओस छावणीत मी झाँ ल बेलच्या मागोमाग हिंडतो आहे. हा ल बेल ल्येजचा, इंग्लंडच्या बाजूने आलेला. आज बघतो आहे ते पुढे तो लिहून ठेवणार आहे.

जिकडे तिकडे मांस. कापून टाकलेली गुरं, सळ्यांना टोचलेले तुकडे, आणि आगट्यांवर टांगलेली कातडी. भांडी वाहून आणायची कशाला? जनावर सोललं, त्याच्याच कातड्याची झोळी केली, केस बाहेरून तसेच, आत पाणी आणि मांस. एका झोळीत डोकावतो. तुकडे शिजायचेच राहिलेत.

गुरं इथल्याच शेतकऱ्यांची, लुटून हाकत आणलेली. म्हणून स्कॉटांच्या मागे ना पावाच्या गाड्या, ना दारूची पिंपं. तहान लागली की नदी आहेच. त्यांचा पाठलाग करणाऱ्या इंग्रजांनी मात्र मुसळधार पावसात, घोड्याच्या घामाने भिजलेला पाव खाऊन दिवस काढले.

पण नुसत्या मांसावर स्कॉट शिपाईही जगत नाही. खोगिराखाली तो एक सपाट तवा सरकवतो आणि मागे ओटच्या पिठाची पिशवी बांधतो. अर्ध्याकच्च्या मांसाने पोट जड झालं की तवा विस्तवावर ठेवायचा, पीठ पाण्यात सैल कालवायचं आणि तापल्या तव्यावर धिरड्यासारखं ओतायचं. एवढ्यावर पोट निवतं आणि गडी पुन्हा घोड्यावर.

घरीही आधार याच पिठाचा. तिकडचा थंड, ओला, आखूड उन्हाळा गव्हाला फारसा मानवत नाही; ओट आणि ‘बेअर’ जातीचं जव तग धरतात. ओटची लापशी, जवाची एल बिअर, दूध, लोणी, चीज, परसातला केल. किनाऱ्याला हेरिंग, नदीत सामन. गव्हाचा पांढरा पाव आणि फ्रान्सची वाइन सरदारांच्या आणि मठांच्या पंगतीला. बटाटा तर अजून युरोपातच आलेला नाही.

ही फौज इतक्या झपाट्याने येते आणि हातोहात निसटते, त्याचं श्रेय मी तिचा सेनानी जेम्स डग्लस याच्या डावपेचांइतकंच त्या पिठाच्या पिशवीला देतो.