चिमुकल्यासोबत न्यूझीलंडच्या रस्त्यांवर: काळजी नेमकी कशाची करायची?

दीड-दोन वर्षांच्या मुलाला घेऊन न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर गाडीने फिरायचं म्हटलं, की घरातून पहिले प्रश्न येतात ते थंडीचे आणि खाण्याचे. बाळाला तिथलं हवामान सोसेल का? वरण-भात मिळेल का? मायेपोटी विचारलेल्या या प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. पण ज्या गोष्टींबद्दल सहसा कुणी विचारतच नाही, तिथे खरी जोखीम असते. त्यातली सर्वांत मोठी जोखीम गाडीच्या आतच आहे.

आईच्या मांडीवर मूल सर्वांत सुरक्षित, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे. गणित करून पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतल्या प्रत्येकावर स्वतःच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. म्हणजे दहा किलोचं मूल त्या क्षणी दोनशे किलोच्या ताकदीने पुढे फेकलं जातं. कितीही घट्ट धरलं तरी कुणाचेही हात ते रोखू शकत नाहीत. त्यामुळे न्यूझीलंडमध्ये सात वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलाला मान्यताप्राप्त कारसीटमध्ये पट्टे लावून बसवणं कायद्याने बंधनकारक आहे. परदेशातले कायदे कडक असतात असं म्हणून आपण विषय सोडून देतो, पण २०१९च्या दुरुस्तीनंतर आपल्या मोटार वाहन कायद्यातही चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा कारसीटविना नेल्यास हजार रुपये दंड आहे. त्यामुळे मुलाला सीटची सवय लावायला परदेशवारीची वाट पाहू नये. निघण्याआधी महिनाभर घरच्या गाडीत रोज थोडा वेळ बसवलं, तर तिथे रडारड बरीच कमी होते.

सीट पुढे तोंड करून लावायची की मागे, यावरही गोंधळ असतो. मुलाला बाहेरचं दिसावं म्हणून आई-वडील लवकर पुढे वळवतात. पण लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. समोरून धडक बसली तर मागे तोंड केलेल्या सीटची पाठ डोकं, मान आणि पाठ एकत्र सावरते. म्हणून दोन वर्षांचं होईपर्यंत तरी मूल मागे तोंड करूनच बसवावं, असा तिथला सल्ला आहे. सीट गाडीसोबत भाड्याने मिळते. स्वतःची न्यायची असेल तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मानकाची किंवा युरोपीय मानकाची, गोलात ‘ई’ अशी खूण असलेली चालते. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आणलेल्या सीटवर मात्र न्यूझीलंडची ‘एस’ खूण असावी लागते. कॅम्परव्हॅन घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: तिच्या प्रत्येक आसनावर कारसीट बसत नाही, आणि आडव्या बाकावर तर ती लावूच नये. नोंदणी करतानाच हे विचारून घ्यावं.

आता अंतरांकडे येऊ. क्राइस्टचर्च ते क्वीन्सटाऊन साधारण ४८० किलोमीटर. पुण्याहून गोव्याला एका दमात जाणाऱ्याला हे काहीच वाटत नाही. नकाशावर दिसणारे सहा तास म्हणजे मात्र नुसत्या चाकांचे तास. रस्ता चांगला असला तरी बहुतेक ठिकाणी दोन्ही दिशांना एकच मार्गिका असते, काही पूल एकेरी असतात आणि तिथे समोरच्याला वाट द्यावी लागते. ताशी १०० ही वेगाची कमाल मर्यादा आहे, वळणावळणावर गाठायचा वेग नव्हे. मुलाला दर दोन तासांनी सीटमधून बाहेर काढायचं, भरवायचं, डायपर बदलायचा, थोडं पळू द्यायचं म्हटलं की सहाचे नऊ तास होतात. त्यापेक्षा पहिल्या दिवशी टेकापो तळ्यापर्यंतच जावं. सव्वादोनशे किलोमीटरची ही वाट जेराल्डीन आणि फेअरली या गावांतून जाते. तिथून आओराकी म्हणजे माउंट कुकचं गाव शंभरेक किलोमीटर. मग लिंडिस पासमार्गे वानाका. वानाकाहून क्वीन्सटाऊनला जाताना क्राऊन रेंजचा घाट जवळचा आणि देखणा आहे, पण वळणांचा. मुलाला गाडी लागत असेल तर क्रॉमवेलवरूनच जावं.

गाडी लागण्यावरून आठवलं. मूल झोपावं, उलटी होऊ नये म्हणून प्रवासाआधी सर्दीचं किंवा झोप आणणारं औषध देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती सोडाच. दोन वर्षांखालच्या मुलांना मुळात गाडी क्वचितच लागते. शिवाय या औषधांपैकी प्रोमेथाझिन त्या वयात देऊ नये, असा अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा ठळक इशारा आहे, कारण त्याने श्वास मंदावण्याचा धोका असतो.

“एवढ्याशा पोराला निसर्ग काय कळणार, त्याला यातलं काही आठवणारही नाही.” यातला दुसरा भाग खरा आहे, तीन वर्षांच्या आधीच्या आठवणी मोठेपणी बहुधा उरत नाहीत. पहिला भाग अर्धाच खरा. मुलाला हिमशिखर कळत नाही, पण तळ्याकाठचे गोटे पाण्यात टाकायला मिळाले की त्याचा तास सुखात जातो, आणि या देशाने मुलांसाठी फार मनापासून सोयी केल्या आहेत. वाटेवरच्या छोट्या गावांतही स्वच्छ सार्वजनिक स्वच्छतागृह आणि खेळाचं मैदान असतं. वानाकाच्या तळ्याकाठी डायनोसॉरची घसरगुंडी आहे. क्राइस्टचर्चमध्ये २०१५ साली खुलं झालेलं, बालसाहित्यिका मार्गारेट माही यांच्या नावाचं भव्य क्रीडांगण आहे. माझं तर म्हणणं आहे की पहिला अख्खा दिवस तिथेच घालवावा आणि गाडीला हातही लावू नये.

याला कारण आहे. परदेशात उलट्या बाजूने चालवावं लागतं याची धास्ती अनेकांना असते, पण न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, आणि भारतातला इंग्रजीत छापलेला वैध परवाना तिथे पर्यटकाला चालतो. भीती धरावी ती झोपेची. तिथल्या उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यापुढे साडेसात तास असतं. तिथे रात्रीचे आठ वाजले की मुलाच्या शरीरात दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. ते झोपणार नाही, म्हणजे तुम्हीही झोपणार नाही. सकाळी सातला निघालात, तर शरीराच्या हिशेबाने तुम्ही रात्री साडेअकराला गाडी चालवायला बसलेले असता, आणि तेही विमानातल्या जागरणानंतर. सकाळचा उजेड आणि बाहेरचं खेळणं दोघांचंही घड्याळ पुढे सरकवतं. तेवढा अवकाश द्यायला हवा.

थंडीचं उत्तर कपड्यांचे थर. उन्हाचं तितकं सोपं नाही. हवा गार असली की ऊन लागत नाही, आणि सावळ्या कातडीला तर नाहीच, हे दोन्ही चूक. डिसेंबर-जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, तिथली हवा स्वच्छ असते आणि वरचा ओझोनही विरळ. त्यामुळे भर दुपारी अतिनील किरणांचा निर्देशांक अकराच्या वर जाणं नेहमीचं आहे. गाडीच्या बाजूच्या काचांतूनही या किरणांचा एक भाग आत येतो. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, खिडकीला जाळीचा पडदा आणि उघड्या त्वचेवर सनस्क्रीन, एवढं हवंच.

खाण्याबाबत घरचे उगाच घाबरतात, आणि निघणारे उगाच बेफिकीर असतात. तांदूळ, डाळ, दही, केळी तिथल्या सुपरमार्केटात मिळतात, आणि बहुतेक मोटेलांत छोटं स्वयंपाकघर असतं. रोज मऊ खिचडी सहज होते. कसोटी लागते विमानतळावर. नाचणीचं सत्त्व, मेतकूट, तूप, मसाले, पोळीचा डबा, जे काही खाण्याचं असेल ते सगळं अर्जात नोंदवायचं. नोंदवलेलं अधिकाऱ्याने काढून घेतलं तरी दंड नाही. लपवलेलं किंवा विसरलेलं सापडलं तर तिथल्या तिथे ४०० डॉलर. मध आणि ताजी फळं नेऊच नयेत.

क्वीन्सटाऊनहून मिलफोर्ड साउंड एका दिवसात करणारे पुष्कळ. लहान मुलासोबत तसं करू नये. जाऊन-येऊन गाडीतलेच आठ तास होतात, बोटीची सफर वेगळी. आदल्या रात्री ‘ते आनाऊ’ या गावी मुक्काम केला तर पुढे जेमतेम १२० किलोमीटर उरतात, आणि वाटेत लेक गन इथे बाळगाडी ढकलत जाता येईल अशी सपाट जंगलवाट आहे. इंधन ते आनाऊलाच भरावं. पुढे मोबाइलला रेंज जवळजवळ नसते, म्हणून तिथल्या रस्त्याची स्थितीही आधीच पाहून घ्यावी. हिवाळ्यात हिमस्खलनाच्या धोक्यामुळे तो अधूनमधून बंद होतो. मिलफोर्डच्या सँडफ्लाय माश्या चावतात आणि खाज सुटते, पण तिथे त्यांच्यामुळे माणसाला रोग होत नाहीत. पाय झाकले की पुरे. आणि तिथे बाराही महिने धो धो पाऊस पडतो, तो दौरा रद्द करण्याचं कारण नव्हे. पावसातच कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात.

मूल गाडीत गाढ झोपलं म्हणून त्याला तिथेच ठेवून दोन मिनिटांसाठी दुकानात जाणं मात्र टाळावं. बंद गाडी उन्हात झपाट्याने तापते, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला देखरेखीविना सोडणं तिथे गुन्हा आहे. त्याला २,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. विम्याबाबतही गैरसमज आहे. न्यूझीलंडमध्ये अपघाताने झालेल्या इजेच्या उपचाराला सरकारी योजनेचा आधार पर्यटकालाही मिळतो, एवढं ऐकून काही जण विमाच घेत नाहीत. आजारपण त्या योजनेत येत नाही. या वयात हाडं मोडण्यापेक्षा ताप आणि कानदुखीच जास्त, तेव्हा मुलाच्या नावाचा प्रवास विमा निघण्याआधी काढावा आणि त्यात दवाखान्यातल्या साध्या तपासणीचा खर्च धरला आहे का ते वाचून घ्यावं.